हाव म्हणेपर्यंत

माझा धंदा आवाजाचा. शेलूबाजारात हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानाला चिकटून माझा गाळा आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात 'धम्मदीपा साऊंड सर्व्हिस'. सुरुवातीला लोक पाटी वाचूनही आत डोकावून विचारायचे, मालक कुठी गेले? मी म्हणायचे, मालक वर गेले, भोंगे इथीच हायेत, बोला. नवऱ्यामागे हा धंदा मी मशिनी खोलून आणि जोडून शिकले. झटके खाल्ले. आता माझ्या अँप्लिफायरला मी कोणाला हात लावू देत नाही.

आजकाल लग्नाला डीजे लागतो. छाती हादरली पाहिजे, म्हशीने पान्हा चोरला पाहिजे, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. मीही डीजे ठेवते. पोट आहे. पण संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की मी माझ्यासाठी एक रेकॉर्ड लावते आणि चहा पिते.

रेकॉर्डचं नाव 'चूलबंद'. ऐंशीच्या दशकातली एलपी. गाणारा भागवत. नुसता भागवत. आडनाव त्याने कव्हरवर छापू दिलं नाही. आडनाव छापलं की आपल्याकडे लोक गाणं ऐकत नाहीत, जात ऐकतात. कव्हरवर त्याचा फोटोही नाही. एक चूल आहे, नुकतीच पाणी मारून विझवलेली. अर्धवट जळालेलं लाकूड बाजूला ओढून ठेवलेलं आणि राखेतून निघणारी वाफ.

भागवत आमच्याच गावचा. गाव आसेगावच्या पुढे, नाल्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना लागायचं त्यांना नावाशिवायही लागेल. नाल्यापलीकडे वावरवाल्या शेतकऱ्यांची घरं, अलीकडे आमची बौद्धांची. भागवत पलीकडच्या मोठ्या घरातला धाकटा मुलगा. नागपूरला शिकला, मुंबईला एका छापखान्यात प्रुफं तपासायचा आणि रात्री गिटार वाजवायचा. त्याची गाणी म्हणजे एक गिटार, मागे मऊसा ड्रम, कुठे कुठे बासरी. आवाज असा की शेजारी बसून शेंगा सोलत बोलतो आहे. 'भज्याचा कागद' नावाचं एक गाणं आहे. त्यात एक मुलगी भज्यांखालच्या तेलकट पेपरात एका खटल्याची अर्धी बातमी वाचते आणि उरलेली अर्धी जन्मभर मनात जुळवत बसते. 'शेवटची जीप' नावाचं दुसरं. शेलूबाजारच्या स्टँडवरून निघालेल्या जीपला मागे लटकलेले लोक एकमेकांना इतक्या मजेत थापा मारतात की उतरायचं गाव मागे जातं. हे ऐकून मी रडले नाही कधी. मला हसू येतं. माणूस हसवायलाच बसलेला होता.

शेवटचं गाणं मात्र 'चूलबंद'.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नाचं चूलबंद आवतण असतं. म्हणजे घरातल्या एकानं येऊन जेवून जायचं नाही, अख्ख्या घरानं यायचं आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. पेटलेली असेल तर पाणी मारून विझवायची. आवतण देणारा दारात उभा राहून घरधन्याचं नाव घेतो आणि आतून 'हाव, येतो' ऐकू येईपर्यंत पायरी सोडत नाही. आतल्यानं 'हाव' म्हटलं की संपलं. हाव म्हणून न येणारा माणूस मेल्यात जमा. म्हणून ज्याला यायचं नसतं तो 'हाव' म्हणतच नाही. तो म्हणतो, 'पाहू'. आमच्या भागात पाहू म्हणजे काय, हे रांगत्या लेकरालाही कळतं.

भागवतच्या गाण्यात तेवढंच आहे. तो घराघरासमोर उभा राहतो, नाव घेतो आणि म्हणतो, चूल विझवा, भूक घेऊन या. मग गिटार वाजवत थांबतो. मग पुढचं घर. इंटरनेटवर कोणा पुण्याच्या माणसानं लिहिलंय की या थांबण्यात मानवी एकाकीपणाची पोकळी आहे. मी मायला वाचून दाखवलं. माय म्हणाली, "कायची पोकयी? हाव म्हना म्हनून थांबून राह्यला तो."

सगळ्यात आधी तो आपल्या थोरल्या भावाचं नाव घेतो, जगदेवदादा. मग शेजारच्या मनकर्णाबाईचं. मग एकेक करत सगळं गाव, आणि मग नाला ओलांडून आमच्याकडे. शेवटचं नाव माझ्या मायचं. भागिरथाबाई, चूल विझवा. आमच्या वस्तीत तोवर गावाचं चूलबंद कधी आलं नव्हतं. पलीकडे लग्न असलं की उरलेलं अन्न यायचं, वरून ओतलेलं. आवतण आलं ते आधी त्या रेकॉर्डमधून. म्हणून ते गाणं लागलं की माय हातातलं काम ठेवून म्हणायची, "हाव, येतो." मी लहान होते तेव्हापासून म्हणायची. मग गिटार संपायची आणि पिन आतल्या कड्याशी जाऊन खरखरायची.

एलपी मुंबईत चालली नाही. भागवत परत आला, पण घरी गेला नाही. आमच्या अंगाला, नाल्याच्या काठावर त्याने एक टिनाची खोली बांधली आणि हातानं रांधून खाऊ लागला. आमच्यात जेवतो म्हणून जगदेवरावानं त्याचं नाव टाकलं. पुढे जगदेवरावाच्या पोराचं, माणिकरावचं लग्न निघालं. गावभर चूलबंद फिरलं. सख्ख्या काकाच्या दारात थांबलं नाही. माय सांगते, त्या दिवशी पलीकडे एकाही घरातून धूर नव्हता. धूर होता तो अलीकडे, आमचा आणि भागवतचा. चूल पेटवून तो दारात गिटार वाजवत बसला होता. काही महिन्यांनी एका सकाळी दार ओढून निघून गेला तो गेलाच. मेला की आहे, कोणाला माहीत नाही. ती खोली अजून आहे. जागा कोणी घेत नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझी मुलगी. संस्कृती वाशीमच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच रक्त तपासणाऱ्या हरीओमशी तिचं जमलं. आणि हरीओम कोण, तर माणिकरावचा मुलगा, कधीच वारलेल्या जगदेवरावाचा नातू. म्हणजे नाल्यापलीकडचा. दोघांनी मला सांगितलं तेव्हा मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की तुझा बाप काय म्हणतो. हरीओम सरळ पोरगा आहे. म्हणाला, "विरोध नाई म्हनते. पन पंगतीले येनं जमत नाई म्हनते."

असा विरोध मला पुरेपूर ओळखता येतो. काठी घेऊन येणारा बरा, त्याला तोंड तरी असतं.

लग्न वाशीमला हॉलमध्ये करता आलं असतं. पोरांचं तेच मत होतं. पण माय अडली. ऐंशीच्या पुढची बाई, आजवर काही मागितलं नाही. म्हणाली, लग्न गावात, आपल्या वस्तीत, आणि आवतण गावाला चूलबंद. "मले एकडाव पाह्यचं हाय, पल्याडचं गाव आपल्या पंगतीत. मंग मले नेलं तरी चालते." हे ऐकून संस्कृतीही आजीच्या बाजूनं गेली. म्हणाली, हरीओमचं घर आल्याशिवाय मी पंगतीला बसणार नाही. मी तिला म्हटलं, उपाशी राहशील. ती म्हणाली, "राहीन."

तेव्हा मी आणि हरीओम दारोदार फिरलो. स्वतःच्याच बापाच्या दारात उभा राहून पोरानं नाव घेतलं. आतून टीव्हीचा आवाज आला, मग माणिकरावचा. पाहू. मनकर्णाबाई ओट्यावर लसूण सोलत होती, तिनं तर पाहूही म्हटलं नाही, मला म्हणाली, "तुयी पोरगी गोरी हाय वो, कोनावर गेली?" आणि पुन्हा लसणात. एका घरानं आम्हाला चहा पाजला, नवरीचं शिक्षण विचारलं, कौतुक केलं, आणि निघताना म्हणालं, पाहू. नाला ओलांडून परत येईपर्यंत आमच्या पदरात एकही 'हाव' नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी मांडवात सामान लावत होते. पोरीच्या लग्नात मला डीजे नको होता. भोंगे आणि जुना रेकॉर्ड प्लेअर आणला होता. तपासायला म्हणून मी 'चूलबंद'ची दुसरी बाजू लावली. आवाज बारीक ठेवला, मांडवापुरता. शेवटचं गाणं आलं, नावं एकेक गेली, मायचं नाव आलं. भागिरथाबाई, चूल विझवा, भूक घेऊन या.

माय मोरीत होती. अंघोळ चालली होती.

गिटार वाजत राहिली. आता संपेल म्हणून मी हात पुसत उभी होते, पण ती संपेना. मला वाटलं पिन अडकली. रेकॉर्डवर चरा असला की पिन उडी मारून पुन्हा त्याच जागी येते, हे धंद्यातलं साधं दुखणं आहे. मी उचलायला गेले तेवढ्यात माय केस पुसत बाहेर आली. कान देऊन ऐकलं आणि सवयीनं म्हणाली, "हाव, येतो."

गिटार संपली. पिन आतल्या कड्याशी खरखरली.

मी टॉर्च लावून रेकॉर्ड पाहिली. चरा नव्हता. पुन्हा लावली, गाणं नेहमीच्या वेळेत संपलं. माय तिथेच बसली होती. प्लेअरचा बेल्ट ढिला झाला असेल म्हणून मी बेल्ट बदलला. मला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, मी भुताखेताला मानत नाही. बेल्टला मानते.

लग्नाच्या दिवशी सकाळी भोंगे बांधले. दोन मांडवावर, एक लिंबावर. चौथा मला नाल्याकडे तोंड करून हवा होता, आणि उंच जागा तिथे एकच, भागवतची खोली. मी स्वतः शिडी लावून टिनाच्या कडेला भोंगा बांधला. उतरताना दारातून आत पाहिलं. दार कधीचं निखळलेलं. अर्ध्या छतातून ऊन येत होतं. कोपऱ्यात चूल होती, तिच्या तोंडावर कोळिष्टक, आत वाळलेला पालापाचोळा आणि दगडासारखी झालेली जुनी राख. एक सरडा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला म्हटलं, तू तरी ये जेवाले. आणि केबल ओढत मांडवात आले.

लग्न लागलं दुपारच्या आत. पांढऱ्या साडीत संस्कृती, पांढऱ्या शर्टात हरीओम. त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. आमची वस्ती होती, धनजकडचे पाहुणे होते, दवाखान्यातल्या पोरी जीप भरून आल्या होत्या आणि सगळ्यात जास्त तोंड त्याच चालवत होत्या. पण हरीओमच्या मागच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. पूर्ण एक रांग. त्याच्या दोन मित्रांनी लाजून तिथे बॅगा ठेवल्या.

स्वयंपाक अख्ख्या गावाचा झालेला. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. कढया झाकून ठेवल्या. पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. आमच्यात रीत आहे, आवतण दिलेलं घर येईपर्यंत घरचे बसत नाहीत. म्हणून कोणीच बसलं नाही. ऊन मांडवाच्या कापडातून गळत होतं. पत्रावळी वाऱ्यानं हलत होत्या, कोणीतरी त्यांच्यावर खडे ठेवले. नाल्यापलीकडे बारा-पंधरा घरांतून धूर निघत होता. सगळ्यांनी चुली पेटवल्या होत्या. दिसावं म्हणून पेटवल्या होत्या. आजकाल गॅस सगळ्यांकडे आहे.

माय खुर्चीत बसून त्या धुराकडे पाहत होती. संस्कृतीनं तिच्या पायाशी बसकण मारली होती, नव्या साडीसकट.

मला राग आला. माझा राग असा असतो की हात आपोआप काम करू लागतात. मी प्लेअरपाशी गेले, दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर पिन ठेवली आणि अँप्लिफायरचा कान पूर्ण पिळला.

चारही भोंग्यांतून भागवतचा आवाज नाल्यापलीकडे गेला. जगदेवदादा, चूल विझवा, भूक घेऊन या.

मग गिटार.

गिटार वाजत राहिली.

मी पिनकडे पाहत होते. अडकलेली पिन दर फेऱ्याला टक्क करते. ही करत नव्हती. आणि दर फेऱ्याला वाजणं तेच नव्हतं. एकदा त्यानं तार वरून छेडली, एकदा खालून. एकदा मध्येच थांबून एक तार सैल केली, परत चढवली, सूर जुळला का पाहिलं. दारात ताटकळलेला माणूस काहीतरी चाळा करतो तसा. मग घसा खाकरला आणि पुन्हा वाजवू लागला. चाळीस वर्षं मी ही रेकॉर्ड ऐकते. त्यात कोणी तार जुळवत नाही.

मी मशीन बंद केली नाही. का नाही केली, सांगता येत नाही. मजा यायला लागली होती, हे खरं.

मांडवात आधी कुजबुज झाली, मग दवाखान्यातल्या पोरी हसू लागल्या. पलीकडे लोक रस्त्यावर आले. कमरेवर हात ठेवून भोंग्याकडे पाहू लागले. गिटार त्यांच्या डोक्यावरून फिरत होती, न रागावता, न थकता. एका घरातलं कुत्रं भुंकून भुंकून बसलं. कोणीतरी पलीकडून ओरडलं, "अबे, बंद करा ना ते." दुसऱ्याच घरातून उत्तर आलं, "तो बंद नाई होत. माणिकरावले म्हना हाव म्हन." आणि रस्त्यावरचे लोक हसले. पलीकडचे. मी ते हसणं ऐकलं, कारण मी आवाजाचाच धंदा करते. त्यात वाईटपणा नव्हता.

माणिकरावचं दार बंद होतं.

गिटार वाजत होती.

मग त्या घरातून आवाज आला. घोगरा, म्हातारा, बोलायच्या आधी खोकणारा.

"हाव, येतो."

क्षणात गिटार पुढे गेली. मनकर्णाबाई, चूल विझवा. आणि मनकर्णाबाईनं तर त्याला पुरं वाजवूही दिलं नाही. ओट्यावरून ओरडली, "हाव रे बाप्पा, हाव. कान खाल्ले मेल्यानं. तवाबी असाच होता."

त्यानंतर घाई उडाली. एक नाव गेलं की लोक त्या घराकडे वळून पाहायचे आणि तिथून हाव यायचं. कुठे जिवंत माणूस दारात येऊन म्हणायचा. कुठे नाव घेतलेला माणूस कधीच गेलेला, तरी आतून कोणीतरी म्हणायचं, आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत चपला घालायची. कारण हाव बाहेर पडलेलं होतं. आता न आले तर गाव काय म्हणेल. धुराचा एकेक पट्टा पातळ होत गेला. चुलींवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आम्हाला इकडे ऐकू आला असं वाटलं, पण ते वाटलंच असेल.

ते नाला उतरून आले. पहिला माणिकराव, टोपी घालून, चेहरा असा की कोणाला तरी मारायला निघालाय. मांडवाच्या दारात थबकला. हरीओम उठून पाया पडला. माणिकरावनं पोराला उठवलं आणि मला म्हणाला, "पट्टी कुठी टाकली?"

मी म्हटलं, "बसा तठीसा, जागा तुमचीच हाय." रिकाम्या खुर्च्यांवरच्या बॅगा मी स्वतः उचलल्या.

गाणं अजून चालू होतं. सगळ्यात शेवटी नाला ओलांडून त्याचा आवाज आमच्याकडे वळला. भागिरथाबाई. माय खुर्चीतून उठून उभी राहिली. समोर पल्याडचं गाव पत्रावळीवर बसलेलं पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाव, येतो."

आता संपायला हवं होतं.

गिटार संपली नाही.

पुढे नाव नव्हतं. रेकॉर्डवर पुढे जागाही नव्हती, पिन शेवटच्या कड्याला टेकलेली मला दिसत होती. तरी तो वाजवत होता. हळू, सावकाश. वाढपी कढया धरून थांबले. लोकांनी पहिला घास हातात धरून ठेवला.

माय प्लेअरपाशी आली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगयायले बलावलं त्यानं. त्याले कोनं बलावलं?"

तिनं माझ्याकडे माईक मागितला. मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माईक धरला, उलटा, मी सुलटा करून दिला.

"भागवत," माय म्हणाली. चारही भोंग्यांतून ते नाव गावावरून गेलं. "बापा, चूल बंद कर. जेवाले ये."

गिटार थांबली.

कोणी हाव म्हटलं नाही. आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली, अगदी माणिकरावनंसुद्धा, मान खाली घालून. फक्त पिन खरखरत होती. मग मनकर्णाबाई म्हणाली, "आता जेवू द्यान का नाई?" आणि सगळा मांडव फुटल्यासारखा हसला.

तशी पंगत मी पुन्हा पाहणार नाही. संस्कृती आणि हरीओम माणिकरावच्या दोन बाजूंना बसले आणि तिनं बुंदीचा पहिला घास घेतला तेव्हा माय दुसरीकडे पाहत होती, मुद्दाम. मग मनकर्णाबाईशेजारी जाऊन बसली. मनकर्णाबाईनं भाजी चाखून जाहीर केलं की तिखट असेल म्हणून ती घाबरून आली होती, पण भाजी तर अयनी हाय. माय म्हणाली, "तुया घरची तोंडाले लागली असंन, म्हनून." दोघी हसता हसता ठसकल्या, एकीनं दुसरीच्या पाठीवर थापट्या मारल्या. दुसऱ्या पंगतीला, आमच्या वस्तीला वाढायला, माणिकराव स्वतः बुंदीची परात घेऊन उठला. टोपी काढून खिशात खुपसली. माझ्या पत्रावळीवर इतकी बुंदी टाकली की ती बाहेर सांडली. मायच्या खुर्चीशेजारी एक पत्रावळ वाढून ठेवलेली होती, माशा बसू नयेत म्हणून वरून दुसरी पालथी घातलेली. तिच्यावर कोणी बसलं नाही, कोणी विचारलंही नाही.

हात धुताना माणिकराव माझ्याजवळ आला. आवाज खाली करून विचारलं, "आमच्या घरातून हाव कोन म्हनलं?"

मी म्हटलं, "तुमीच म्हनलं असंन."

"माया तोंडात तंबाखू होता," तो म्हणाला. मग बराच वेळ हातावर पाणी घेत राहिला. "बाप बोलाच्या आंधी खोकत जाय. मंग मले या लागलं."

तो परत परात उचलायला गेला.

ऊन उतरलं तसे लोक नाचायला लागले. मी भागवतचीच पहिली बाजू लावली होती, आणि 'शेवटची जीप'वर कोणी नाचू शकतं हे मला माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या पोरींनी मनकर्णाबाईला मध्ये ओढलं होतं. अंधार पडायच्या आत एक तरी भोंगा उतरवून ठेवावा म्हणून मी शिडी घेऊन नाल्याकडे गेले. मांडवातून निघताना पाहिलं, मायच्या खुर्चीशेजारच्या पत्रावळीवरचं झाकण निघालेलं होतं आणि ती रिकामी होती. कोणी लेकरानं खाल्लं असेल.

मी भोंगा सोडला, केबल गुंडाळली, खाली उतरले. नाकाला ओल्या राखेचा वास आला.

दारातून आत पाहिलं. कोळिष्टक नव्हतं. एक अर्धवट जळालेलं लाकूड चुलीतून बाजूला ओढून ठेवलेलं होतं. राख काळी, चिंब ओली. मी वाकून हात लावला.

कोमट होती. मधोमध बोट रुतलं तिथून थोडी वाफ निघाली.